खापरांवरच्या करपावत्या

दक्षिण इजिप्तमधील थीब्झ (आजचे लक्सर), एलिफंटाइन आणि सायेनी (आजचे अस्वान) या नाईलकाठच्या वसाहतींतून ग्रीक अक्षरे लिहिलेल्या हजारो खापरांचे तुकडे मिळाले असून त्यांतील फार मोठा भाग करभरणीच्या पावत्यांचा आहे. अशा लिखित खापराला ऑस्ट्राकॉन म्हणतात. अथेन्समध्ये एखाद्या नागरिकाला हद्दपार करण्यासाठी ज्या खापरांवर त्याचे नाव कोरून मत देत, त्यांनाही हेच नाव असले तरी इजिप्तमधील खापरांचे काम अगदी वेगळे होते. फुटक्या रांजणाचा तुकडा फुकट मिळे आणि पपायरससाठी पैसे मोजावे लागत. त्यामुळे चार ओळींचा मजकूर काजळ व डिंकाच्या शाईने, बोरूने, बहुधा खापराच्या बाहेरच्या फुगीर अंगावर लिहून दिला जाई.

इ. स. पू. ३०५ ते ३० या काळात इजिप्तवर टॉलेमी घराण्याची सत्ता होती. कोणता कर किती जमेल याची हमी लिलावात बोली लावलेला मक्तेदार देई, मात्र पैसा राजाच्या पेढीत आणि धान्य सरकारी कोठारात जमा होई. पेढीच्या पावतीत राजाचे राज्यवर्ष, महिना, दिवस, पेढीचे गाव, कराचे नाव, भरणाऱ्याचे नाव व रक्कम एवढेच असे, तर कोठाराच्या पावतीत अमुक माप गहू मोजून घेतला असा उल्लेख येई. वर्ष राज्यारोहणापासून मोजले जाई आणि राजाचे नाव पुष्कळदा गाळले जाई. म्हणून तुटक खापराचा काळ ठरवताना अक्षराचे वळण व अधिकाऱ्याचे नाव यांवरच विसंबावे लागते. दुसऱ्या टॉलेमीच्या काळात सुरू झालेला मिठावरचा कर नावाने मिठाचा असला तरी प्रत्यक्षात स्त्री-पुरुषांवर बसवलेला दरडोई कर होता, आणि त्यामुळेच त्या काळच्या पावत्यांत स्त्रियांची नावेही आढळतात.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संग्रहातील इ. स. पू. ९८ ची एक पावती या सर्वसाधारण चित्रात बसत नाही. जमीन हस्तांतराच्या करापोटी थीब्झच्या पेढीत एका गृहस्थाने व त्याच्या सोबत्यांनी ७५ टॅलेंट आणि वर १५ टॅलेंट आकार असे ९० टॅलेंट भरल्याची नोंद तिच्यावर आहे. एका टॅलेंटचे ६,००० द्राख्मा होत असल्याने ही रक्कम ५,४०,००० द्राख्मा भरते, आणि अभ्यासकांच्या अंदाजाने त्या वेळच्या साध्या मजुराची वर्षाची कमाई सुमारे १८,००० द्राख्मा होती. नाणी कांस्याची व हलक्या किमतीची असल्यामुळे या भरण्याचे वजन शंभर किलोंच्या घरात गेले असावे असा हिशेब मांडला गेला आहे. एवढ्या मोठ्या रकमेचीही पोच खापरावरच लिहिली गेली, यावरून खापर हे केवळ गरिबाचे लेखनसाहित्य होते हा समज टिकत नाही.

इ. स. पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेल्यावर पावत्यांचा रोख बदलला. चौदा वर्षांपासून साठीच्या पुढेपर्यंतच्या पुरुषांवर ‘लाओग्राफिया’ हा दरडोई कर बसला; रोमन नागरिक त्यातून मुक्त होते, स्त्रियांवर तो नव्हता. त्याचा दर सर्वत्र सारखा नसे: फायूम प्रांतातील सामान्य रहिवाशाला ४० द्राख्मा पडत, सायेनीत बराच काळ १६, आणि थीब्झच्या काही वस्त्यांत १०, तर काहींत २४. हे दर सांगणारा सम्राटाचा सलग हुकूमनामा आज उपलब्ध नाही. थीब्झ व सायेनीचे आकडे एकाच माणसाच्या एका वर्षातील हप्त्यांच्या पावत्या जुळवून काढावे लागले. चार-चार, आठ-आठ द्राख्मांचे हप्ते पाहता वर्षाचा कर एकरकमी देणे अनेकांच्या आवाक्याबाहेर होते, हे उघड आहे. शिवाय बांधबंदिस्ती, स्नानगृहे, पहारा आणि विणकरांसारखे व्यवसाय यांवरचे कर वेगळे होते. गाव सोडून पळालेल्यांची थकबाकी मागे राहिलेल्यांवर वाटून टाकणारी स्वतंत्र वर्गणीही होती, आणि पळणाऱ्यांची संख्या वाढवणारा याहून खात्रीचा उपाय क्वचितच सापडेल.

पावती करदात्याकडे राहत असे. तोच कर दुसऱ्यांदा मागितला गेल्यास दाखवण्यासाठी ती जपली जाई, म्हणून एकाच कुटुंबाच्या अनेक वर्षांच्या पावत्या कधीकधी एकत्र मिळतात. परंतु ज्याने कर भरलाच नाही त्याचा माग या साधनात लागत नाही, आणि करवसुलीचे यश केवळ पावत्यांच्या राशीवरून मोजणे धोक्याचे ठरते.

या साहित्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास जर्मन विद्वान उलरिश विल्केन यांनी १८९९ साली दोन खंडांत सोळाशेहून अधिक खापरे प्रसिद्ध करून उभा केला. त्या पिढीत अभ्यासकांच्या हाती आलेली अनेक खापरे पुराणवस्तूंच्या बाजारातून आलेली असल्याने ती कोणत्या घरातून वा कोणत्या थरातून निघाली हे कायमचे हरवले आहे. त्या तुलनेत अथ्रिबिस येथील उत्खननात ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या पथकाला सापडलेल्या आणि २०२२ साली जाहीर झालेल्या अठरा हजारांहून अधिक खापरांचे मोल मोठे आहे, कारण त्यांचे स्थळ निश्चित आहे. त्यांतील बहुसंख्य लेख मात्र ग्रीकमध्ये नसून डेमॉटिक या इजिप्शियन लिपीत आहेत, आणि ते वाचून होईपर्यंत ग्रीक पावत्यांवरून रेखाटलेले करव्यवस्थेचे चित्र एकांगीच मानावे लागेल.