पेटंटच्या अर्जांतून निपजलेली अक्षरजुळणी

गुटेनबर्गचे नाव सर्वांस ठाऊक असते. जोसेफ ओसाना हे नाव क्वचितच कोणाच्या कानावर आलेले असते. संगणकावर पान जुळविण्याची जी विद्या आज घरोघरी पोहोचली आहे, तिच्या वाटेवरील एक मोठे पाऊल या गृहस्थांनी टाकले, आणि तेही निव्वळ कारकुनी कामाच्या निमित्ताने.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली एका जुन्या संगणकावर यूनिक्स ही कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. नव्या यंत्रासाठी केलेल्या मागण्या वरिष्ठ फेटाळीत होते; मल्टिक्स नावाच्या मोठ्या प्रकल्पात त्यांचे हात पोळलेले होते. तेव्हा ओसाना यांनी १९७० मध्ये निराळी मागणी पुढे केली : मजकूर टंकून, दुरुस्त करून, नीट मांडणारी व्यवस्था उभी करून देतो, यंत्र द्या. पीडीपी-११ हे यंत्र मंजूर झाले!

पहिले गिऱ्हाईक ठरले प्रयोगशाळेचेच पेटंट खाते. त्याच्या अर्जांत ओळींना क्रमांक लागत. ‘रॉफ’ हा कार्यक्रम ते घालून देई. १९७१ च्या उत्तरार्धात तीन टंकलेखक दिवसभर अर्ज टंकीत असत, आणि त्याच यंत्रावर प्रयोगही चालत. चकती जेमतेम अर्ध्या मेगाबाइटची. एका कार्यक्रमाची चूक दुसऱ्याच्या कामात शिरू नये अशी तजवीज यंत्रात नव्हती. नवा प्रयोग चुकला तर टंकलेखकांचे काम पाण्यात! यूनिक्सची पहिली खरी कसोटी त्या तिघांच्या मेजांवर लागली, असे आम्ही म्हणू.

पुढे १९७३ च्या सुमारास ओसाना यांनी ‘ट्रॉफ’ लिहिला. तो प्रकाशाने अक्षरे उमटविणाऱ्या यंत्रास हुकूम देई. त्या यंत्रात एका वेळी चार वळणांचे टंक, प्रत्येकी १०२ चिन्हे. (देवनागरीच्या खिळ्यांची पेटी पाहिलेल्या जुळाऱ्यास एवढ्यात काय भागणार!) लेखकाने मजकुरातच, ओळीच्या आरंभी टिंब देऊन, आज्ञा लिहावयाची : ‘सीई’ म्हणजे ओळ मध्यभागी, ‘एसपी’ म्हणजे जागा सोडा. त्याच सुमारास यूनिक्समध्ये ‘नळी’ आली. एका कार्यक्रमाचे फलित दुसऱ्याच्या ओंजळीत पडू लागले. मग माइक लेस्क यांचा ‘टीबीएल’ कोष्टके आखी, ब्रायन कर्निहन व लोरिंडा चेरी यांचा ‘ईक्यूएन’ गणिती सूत्रे मांडी आणि शेवटी ट्रॉफ सारे पान जुळवी. सूत्र तोंडाने जसे वाचावे तसेच ईक्यूएनमध्ये लिहावयाचे, ही सोय आम्हांस विशेष रसिकतेची वाटते. कर्निहन व रिची यांनी ‘सी’ भाषेवरील आपले १९७८ चे पुस्तक याच साधनांनी स्वतः जुळविले.

ओसाना १९७७ साली निवर्तले. त्यांचा कार्यक्रम विलक्षण गुंतागुंतीचा, त्यावर टिपा जवळजवळ नाहीत. तो उलगडून कोणत्याही छपाईयंत्रास चालेल असा करण्याचे कष्ट कर्निहन यांनी उपसले. पुढे १९९० मध्ये जेम्स क्लार्क यांचा ‘ग्रॉफ’ आला, आणि तो सर्वांस मोफत खुला होता. आजही लिनक्सच्या पुष्कळ यंत्रांवर ‘मॅन’ अशी आज्ञा देताच जे माहितीपान पुढे येते, ते ग्रॉफच जुळवितो, त्याच टिंबाच्या आज्ञा वाचून.