चिकटवण्याची विद्या, सोडवण्याची विद्या

वस्तू किती घट्ट चिकटली याचे आपण कौतुक करतो. ती पुन्हा सोडवायची कशी, हे सहसा विचारत नाही. मला हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, कारण दुरुस्तीची विद्या त्याच्यावरच उभी आहे.

सरस जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढतात. गरम पाणी किंवा वाफ लागली की तो सैल होतो. म्हणून डुगडुगणाऱ्या खुर्चीचा सांधा लाकूड न फोडता उकलता येई आणि नव्याने जोडता येई. पुस्तकबांधणीची खळ पिठाची. कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत. ओल्या फडक्याखाली ती फुगून सुटे. सोनार पत्रा लाखेवर बसवून नक्षी ठोकतो आणि काम झाले की लाख तापवून तो सोडवतो. जोडणे आणि सोडवणे हे एकच कसब होते.

ही सांगड विसाव्या शतकात ढिली झाली. 1942 मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेले सायनोअॅक्रिलेट दिसेल त्याला चिकटे, म्हणून ते बाजूला पडले. 1951 मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी त्याचा थेंब दोन प्रिझमांमध्ये ठेवला आणि प्रिझमे सुटेनात. 1958 मध्ये तोच दोष गुण म्हणून 'ईस्टमन 910' या नावाने बाजारात आला. पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, आपल्याकडे फेविकॉल आले. सरस उकळत बसण्याच्या आणि त्याच्या दर्पाच्या जाचातून सुतार सुटला. हा लाभ खराच होता.

मात्र सोडवण्याचे ज्ञान आता डब्याबरोबर आपोआप येत नव्हते. सायनोअॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. पाण्याने ते सहज सुटत नाही. त्याला अॅसिटोन लागते, जे नखांचा रंग काढण्याच्या अनेक द्रावणांत असते. काचेवर किंवा झिलईच्या फरशीवर ते चालते. पण लाकडाचे लाखेचे पॉलिश आणि कित्येक प्लास्टिके त्याने विरघळतात. म्हणून आधी आडबाजूला थेंब लावून पाहावा, तोही आगीपासून दूर, खिडकी उघडून. काचेच्या बरणीवर लेबलाचा चिकटा राहिला तर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ थांबावे. लाकडावरचा वाळलेला पांढरा गोंद ऊब आणि ओलावा मिळाल्यावर मऊ होतो. थोडक्यात, औषध ठरवताना गोंद आणि पृष्ठभाग दोन्ही ओळखावे लागतात.

जुन्या कागदपत्रांची डागडुजी करणारे तज्ज्ञ आजही गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. याहून बळकट गोंद त्यांना ठाऊक नाहीत असे नव्हे. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला तो सांधा उकलावा लागेल, हे त्यांनी आधीच गृहीत धरलेले असते.