काठावर 'सेफ्टी' लिहिलंय म्हणून फिल्म सेफ्टी होत नाही

प्लास्टिक ओळखायची आपल्या सगळ्यांना माहीत असलेली चाचणी म्हणजे कोपरा जाळून वास घ्यायचा. जुन्या सिनेमावर काम करणार असाल तर ही चाचणी आधी विसरा.

१८८९ पासून ईस्टमनने विकलेली पारदर्शक फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती. स्फोटक गनकॉटनची ही सख्खी नातेवाईक. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो, त्यामुळे पेटलेली रिळं पाण्यात बुडवली तरी विझत नाहीत. कोडॅकने ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद केली, पण जुना साठा उरलाच. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या, हे तुम्ही ऐकलं असेल.

मग ओळखायची कशी? आधी काठ वाचा. नायट्रेटच्या जागी आलेल्या अ‍ॅसिटेट फिल्मच्या काठावर कारखान्यातच 'सेफ्टी' हा शब्द उमटवलेला असे. सोपं वाटतं ना? इथेच फसगत होते. निगेटिव्हवरून प्रत काढताना काठावरची अक्षरंसुद्धा प्रतीवर उतरू शकतात. म्हणजे 'सेफ्टी' हा शब्द निगेटिव्हचा आणि हातातली प्रत मात्र नायट्रेटची, असं होऊ शकतं. उलटंही होतं. पोथीची नक्कल करणारा लेखनिक मूळ पोथीतला शकही तसाच उतरवून ठेवतो आणि आपण नकलेचं वय चुकतो, अगदी तसंच. कृष्णधवल प्रतीत एक खूण उपयोगी पडते: निगेटिव्हवरची काळी अक्षरं प्रतीवर काळ्या पट्टीत पांढरी दिसतात. प्रतीच्या स्वतःच्या फिल्मची अक्षरं काळी असतात.

वासही मदत करतो, जाळायची गरज नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट कुजतंय. नायट्रेट कुजताना तपकिरी पडतं, चिकट होतं. पण सुस्थितीतल्या फिल्मला यातलं काहीच नसतं, म्हणून वास नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका.

खात्री हवीच असेल तर डायफिनाईलअमाईनची चाचणी आहे: सल्फ्युरिक आम्लातल्या त्या द्रावणाचा थेंब बारीकशा कपच्यावर टाकला की नायट्रेट असल्यास गडद निळा रंग येतो. ही प्रयोगशाळेतच करायची, आणि कपचा गमवावा लागतो. त्यामुळे ती शेवटी.

आणि वहीत 'काठावर सेफ्टी' एवढंच लिहू नका. अक्षरं काळी होती की पांढरी, तेही लिहा.