मूलद्रव्यांची लॅटिन नावे

रासायनिक मूलद्रव्यांची लॅटिनमधून आलेली, किंवा इतर भाषांतून येऊन लॅटिन रूप घेतलेली नावे. लोखंडाची संज्ञा ‘एफ-ई’, सोन्याची ‘ए-यू’ आणि चांदीची ‘ए-जी’ ही फेरम, ऑरम आणि अर्जेंटम या नावांतील अक्षरे आहेत. अक्षरसंज्ञांची ही पद्धत स्वीडिश रसायनज्ञ यॉन्स याकोब बर्झेलियस (१७७९–१८४८) यांनी १८१३-१४ मध्ये मांडली. त्याआधी जॉन डाल्टन मूलद्रव्ये वर्तुळातील खुणांनी दाखवीत. अक्षरे लिहायला आणि छापायला सोपी, असे बर्झेलियस यांचे म्हणणे होते. लॅटिन युरोपभरच्या विद्वानांना येत असल्याने संज्ञांसाठी तीच निवडली गेली.

प्राचीन धातूंपैकी तांब्याचे कुप्रम हे नाव सायप्रस बेटावरून पडले. रोमनांना तांबे मुख्यतः तेथून मिळे. शिसे आणि कथील यांची नावे मात्र सरळ नाहीत. रोमन लेखक प्लिनी शिशाला काळे प्लंबम आणि कथलाला पांढरे प्लंबम म्हणतो. स्टॅनम हा शब्द त्याच्या काळी चांदी-शिशाच्या मिश्रधातूला लावीत, कथलाला तो नंतर चिकटला. पाऱ्याचे हायड्रार्जिरम हे नाव तर मुळात ग्रीक. अर्थ ‘पाण्यासारखी चांदी’.

हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये लंडनमध्ये विद्युत्-विघटनाने दोन नवे धातू वेगळे केले आणि त्यांना पोटॅशियम व सोडियम ही नावे दिली. जर्मन आणि स्वीडिश रसायनज्ञांनी कॅलियम व नॅट्रियम ही नावे पसंत केली आणि संज्ञा त्यांच्यावरून ठरल्या. आपले विद्यार्थी एक नाव आणि दुसऱ्याच नावाची संज्ञा पाठ करतात, त्याचे मूळ या दुहीत आहे. कॅलियममागे वनस्पतींच्या राखेतील क्षाराचा अरबी शब्द आहे, तर नॅट्रियम हे इजिप्तमधील नॅट्रॉन या क्षारावरून आले.

या परंपरेतील सर्वांत सुंदर नावे वर्णपटाने दिली. रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्टाफ किर्खहोफ यांना १८६० मध्ये ड्युर्कहाइम येथील खनिज पाण्यात निळ्या रेषांचे मूलद्रव्य आढळले. आकाशी निळ्याच्या लॅटिन शब्दावरून ते सीझियम झाले. त्याचा क्षार हाती लागेल इतका मिळवण्यासाठी सुमारे ४४,००० लिटर पाणी आटवावे लागले. पुढच्याच वर्षी गडद लाल रेषांवरून रुबिडियम आले. १८६३ मध्ये फ्रायबर्ग येथे फेर्डिनांड राइख आणि थेओडोर रिख्टर जस्ताच्या खनिजाचा अभ्यास करीत होते. राइख यांना रंग ओळखता येत नसत, म्हणून वर्णपट रिख्टर यांनी पाहिला आणि त्यांना नीळरंगाची अनोळखी रेषा दिसली. रोमन लोक हिंदुस्थानातून येणाऱ्या निळीला इंडिकम म्हणत. त्यावरून धातूचे नाव इंडियम पडले. भारताच्या नावाचा अंश त्यात राहिला तो असा, रंगाच्या वाटेने.

स्थलनामांवरूनही अनेक नावे आली: फ्रान्सच्या गॅलिया या नावावरून गॅलियम (१८७५), जर्मनीवरून जर्मेनियम (१८८६), कोपनहेगनच्या हाफ्निया या लॅटिन नावावरून हाफ्नियम (१९२३). गॅलियमचे शोधक लकॉक द ब्वाबोद्रां यांनी त्यात स्वतःचेच नाव लपवले, असा आरोप झाला, कारण लॅटिन ‘गॅलुस’ म्हणजे कोंबडा आणि फ्रेंच ‘कॉक’चाही अर्थ तोच. त्यांनी तो नाकारला.

बहुतेक नव्या मूलद्रव्यांच्या नावांना आजही लॅटिन वळणाचा ‘-इयम’ प्रत्यय लागतो. सतराव्या गणात ‘-ईन’ आणि अठराव्यात ‘-ऑन’ असा अपवाद असल्याने ११८ व्या मूलद्रव्याला २०१६ मध्ये ओगानेसॉन हे नाव मिळाले.