प्रादेशिक वितरण केंद्राची जागा कशी ठरते? सातपूरच्या निर्यातीचे उदाहरण

एका भागातील अनेक ग्राहकांसाठी माल एकत्र साठवून तो लहान खेपांमध्ये पाठवणारे गोदाम म्हणजे प्रादेशिक वितरण केंद्र. निर्यातीत असे थांबे दोन टोकांना लागतात. देशात माल गोळा करून कंटेनर भरण्यासाठी एक आणि परदेशात तो वाटण्यासाठी दुसरा.

भारतातील थांबा

नाशिकमधील सातपूर औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांबरोबर सुटे भाग बनवणारे अनेक लघुउद्योग आहेत. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. लहान उद्योजकाच्या चार-पाच पेट्यांनी ती भरत नाही. म्हणून अनेकांचा माल एकाच कंटेनरमध्ये भरावा लागतो.

हे काम नाशिकमध्येच करावे की न्हावा शेवा बंदराजवळ? बंदर रस्त्याने सुमारे २०० किलोमीटरवर आहे आणि वाटेत कसारा घाट लागतो. बंदराजवळ अनेक जिल्ह्यांचा माल येतो, त्यामुळे कंटेनर लवकर भरतो आणि जहाजांचे पर्यायही जास्त मिळतात. नाशिकमध्ये सीमाशुल्क तपासणी होऊन कंटेनरला सील लागले, तर माल कमी वेळा हाताळला जातो आणि कागदपत्रांतील चूक घराजवळच सुधारता येते. मात्र रिकामा कंटेनर वर आणण्याचा खर्च निर्यातदारावरच पडतो. त्यामुळे नाशिकचा पर्याय पुरेसा माल नियमित मिळत असेल तरच परवडतो.

द्राक्षांचे गणित वेगळे

त्याच जिल्ह्यातील द्राक्षांना थांबणे परवडत नाही. तोडणीनंतर काही तासांतच त्यांचे पूर्वशीतकरण करावे लागते. त्यामुळे दिंडोरी, निफाड भागातील पॅकहाऊस बागांच्या जवळ असतात आणि शीत कंटेनर तिथूनच बंदराकडे निघतो. लोखंडी सुटा भाग आठवडाभर थांबू शकतो, म्हणून त्याचे केंद्र बंदराजवळ असले तरी चालते. माल किती लवकर खराब होतो, हे जागेच्या भाड्याआधी पाहावे लागते.

परदेशातील केंद्र

भारतीय द्राक्षांचा मोठा वाटा नेदरलँड्समध्ये उतरतो, पण सगळी द्राक्षे तिथे खाल्ली जात नाहीत. रॉटरडॅम बंदरात एकदा सीमाशुल्क भरले की माल युरोपीय संघाच्या २७ देशांत कुठेही नेता येतो. ब्रिटनला हे लागू नाही. २०२१च्या सुरुवातीपासून तिथे वेगळी सीमाशुल्क प्रक्रिया करावी लागते. आखाती देश आणि आफ्रिकेसाठी दुबईचे जेबेल अली बंदर असेच काम करते.

केंद्रे किती हवीत?

केंद्रे वाढली की ग्राहकाला माल लवकर मिळतो, पण प्रत्येक ठिकाणी जादा साठा ठेवावा लागतो. ढोबळ नियमानुसार हा राखीव साठा केंद्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. चार केंद्रांऐवजी एकच ठेवले, तर तो साधारण निम्म्यावर येतो. लहान उद्योजकाचे भांडवल साठ्यातच अडकत असल्याने सुरुवातीला एकच केंद्र सोयीचे ठरते.

देशांतर्गत विक्रीत हा फरक १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर दिसला. आधी आंतरराज्य विक्रीवरील केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यात गोदामे ठेवत. नंतर भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी सामाईक गोदामे ठेवणे सोपे झाले.

निर्णयापूर्वी काय तपासावे?

- कारखान्यापासून ग्राहकापर्यंतचा एकूण खर्च. नुसते गोदामाचे भाडे नव्हे
- साठ्यात अडकणारी रक्कम आणि तिच्यावरील व्याज
- सीमाशुल्क, तपासणी आणि परत आलेल्या मालाची सोय
- करार किती वर्षांचा आहे

शेवटचा मुद्दा अनेकदा दुर्लक्षित राहतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला आणि कसारा घाटाला पर्याय मिळाला. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. रस्ता किंवा बंदर बदलले की आजची योग्य जागा उद्या महाग पडू शकते. म्हणून मालाचे प्रमाण स्थिर होईपर्यंत स्वतःचे गोदाम बांधण्यापेक्षा भाड्याची सामाईक जागा घेणे कमी जोखमीचे असते.