एकट्याची मोहीम : ‘आयजीआय’ आणि त्याचा उत्तरभाग

‘मोहीम’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि बखरींत तो सैन्याच्या स्वारीचा वाचक म्हणून स्थिरावला. १६६० मध्ये शाएस्ताखानाच्या फौजेने चाकणचा भुईकोट वेढला व फिरंगोजी नरसाळ्याने तो सुमारे दोन महिने झुंजविला, ती या अर्थी मोहीमच. एकट्या मनुष्याची मोहीम ही कल्पना त्या अर्थाशी विसंगत म्हणावयास हवी. परंतु त्याच चाकणपासून भोसरी-निगडीपर्यंतच्या कारखानी पट्ट्यात या शतकाच्या आरंभी वाढलेल्या अनेक मुलांना ती संगणकामुळे परिचित झाली.

नॉर्वेतील इनरलूप स्टुडिओजने रचलेला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ हा खेळ डिसेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चौदा कामगिऱ्या डेव्हिड जोन्स या नायकाने एकट्यानेच पार पाडावयाच्या असतात. खेळाचे मूळ यंत्रतंत्र ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ या १९९७ च्या विमानयुद्धाच्या खेळासाठी सिद्ध केलेले होते. आकाशातून पाहण्यासाठी घडविलेली ती विस्तीर्ण भूमी येथे पायी चालणाऱ्याच्या वाट्यास आली. टेकडीवरून दुर्बिणीने शत्रूचा तळ न्याहाळावा, कुंपणातील वाट हेरावी आणि मग सावकाश उतरावे, ही या खेळाची खरी गोडी त्यातूनच निर्माण झाली.

मात्र कामगिरी अर्धी झाली असता प्रगती राखून ठेवण्याची सोय या पूर्वभागात नव्हती. अखेरच्या दालनात गोळी लागली की पुन्हा टेकडीपासून आरंभ! सायबर कॅफेत तासाच्या दराने पैसे मोजणाऱ्या मुलास हा नियम केवळ खेळाचा राहत नसे. मरणाची किंमत त्यास खिशातून द्यावी लागे. समीक्षकांनी या उणिवेस दोष मानले, ते अन्याय्य नव्हे. तथापि त्या उताराला जे भय होते, ते याच दोषाचे अपत्य होते.

२००३ मध्ये कोडमास्टर्सने प्रकाशित केलेल्या ‘आयजीआय २ : कोव्हर्ट स्ट्राइक’मध्ये कामगिऱ्या एकोणीस झाल्या व कथानक लिबिया आणि चीनपर्यंत पसरले. लपत जाण्यास अधिक वाव मिळाला आणि प्रगती राखण्याची सोयही आली, पण मोजकीच. रचनेच्या दृष्टीने उत्तरभाग निःसंशय सरस आहे. ही राखीव संधी कोठे खर्चावी, हा विचार पूर्वभागात संभवतच नव्हता. परंतु एकदा ती खर्चून खेळाडू निर्धास्त झाला की पुढील पहारेकऱ्याची जरब उणावते, आणि दूरचा तळ पूर्वीइतका दूर वाटत नाही. शिवाय अनेकांनी मिळून खेळावयाचा विभाग याच भागात प्रथम आला, म्हणजे जोन्सचे एकटेपण हा आता खेळाचा एक पर्याय तेवढा उरला.

दोन्ही नावांतील भेदही लक्षणीय आहे. पहिल्याचे इंग्रजी उपशीर्षक ‘आयम गोइंग इन’, अर्थात ‘मी आत शिरतो आहे’, हे प्रथमपुरुषी सबंध वाक्य होय. त्यात बोलणारा आहे व क्रियापदही. ‘कोव्हर्ट स्ट्राइक’मध्ये, म्हणजे ‘गुप्त प्रहारा’त, दोन्ही नाहीत.