पन्नीच्या बांगड्या

भोपाळच्या जवाहर चौकात भाजीवाल्याकडे थैली मागितली तर तो तुमच्या हाताकडे बघतो. थैली म्हणजे कापडाची, आणि ती घरून आणायची. प्लॅस्टिकची हवी असेल तर पन्नी म्हणायचं. नागपूर-अमरावतीच्या मराठीतही पन्नीच. रायपूरला तिची झिल्ली होते आणि पुण्या-मुंबईत कॅरीबॅग. यातला पन्नी हा शब्द मला फार आवडतो, कारण तो प्लॅस्टिकच्या कितीतरी आधीचा आहे. कथलाचा किंवा पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा, आपण ज्याला बेगड म्हणतो, ती हिंदीतली जुनी पन्नी. शोभेच्या वस्तूंवर तिचे तुकडे चिकटवायचे. पान, पन्ना, पन्नी असं ते घराणं. प्लॅस्टिक आलं तेव्हा लोक नवा शब्द शोधत बसले नाहीत. पातळ, हलकं, चकाकणारं म्हणून जुनंच नाव त्याला देऊन मोकळे झाले.

हा चौक टी. टी. नगरात, म्हणजे तात्या टोपे नगरात. येवल्याच्या या माणसाचं नाव भोपाळकर रोज घेतात. तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये, चौकापासून हाकेच्या अंतरावर, माझी मावशी राहायची. पुढे स्मार्ट सिटीच्या बांधकामात त्या भागातली कितीतरी जुनी क्वार्टरं पडली, तिचंही गेलं, आणि ती जवळच एका फ्लॅटमध्ये राहायला आली. पन्नीच्या चटया विणायला तिनं सुरुवात केली ती मात्र क्वार्टरच्या ओट्यावर. मी गेले की ती माझ्या हातात कात्री द्यायची. म्हणायची, "बोलता बोलता बांगड्या काढ."

बांगड्या काढायच्या म्हणजे असं. दुकानातली साधी दोन बंदांची पन्नी घ्यायची. धुऊन, वाळवून, जमिनीवर सपाट अंथरून तळव्यानं आतली हवा काढायची. मग उभी दुमडायची, पुन्हा दुमडायची, चार बोटं रुंदीची पट्टी होईपर्यंत. वरचे बंद कापून टाकायचे, खालची चिकटवलेली शिवण कापून टाकायची. उरलेल्या पट्टीचे दोन-दोन बोटांवर आडवे तुकडे पाडायचे. तुकडा झटकला की तो उलगडून गोल कडं होतो, कुठंही सांधा नसलेलं. एका पन्नीतून अशा पाच-सहा बांगड्या निघतात. रबरबँडात रबरबँड अडकवतात तशी एक बांगडी दुसरीत अडकवून हलकेच ओढायची. जोरात ओढली तर पन्नी ताणून पातळ होते आणि विणताना तिथंच तुटते. असं करत करत दोऱ्याचा गुंडा वाढत जातो. मग बोटाएवढ्या जाड क्रोशानं साखळी घालायची आणि त्यावर ओळीमागून ओळ मुक्या खांबांचे टाके. इंग्रजीत या दोऱ्याला प्लार्न म्हणतात, प्लॅस्टिक आणि यार्न यांची संधी करून. मावशीच्या तोंडी तो नुसता दोरा.

माझं कुतूहल अडकलं ते त्या बांगडीत. पन्नी आडवी कापली की तिचं कडं का होतं? कापडाच्या पिशवीचं होत नाही. तिला बाजूला शिवण असते, कापलं की ती उसवते. पन्नीला बाजूची शिवणच नाही, आणि या चटईची सगळी कुळी तिथून निघते.

पन्नी ज्या पदार्थाची, तो पॉलिथिन इंग्लंडात मार्च १९३३ मध्ये सापडला. नॉर्थविच इथल्या आयसीआयच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट प्रचंड दाबाखाली इथिलीन वायूवर प्रयोग करत होते. हवं ते घडलं नाही, भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा थर मात्र उरला. पुढं महायुद्धात रडारच्या केबलींवर त्याचंच वेष्टण चढलं. मग १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी तोच पदार्थ कमी दाबात बनवण्याची रीत काढली. त्यातून तयार झालेलं पॉलिथिन जास्त घट्ट आणि ताठ होतं. ही दोन भावंडं मावशी कानानं ओळखायची. दुधाची पिशवी मऊ, चुरगाळली तरी फारशी बोलत नाही. ती पहिल्या जातीची. भाजीची पन्नी सळसळते, ती दुसरीची. सळसळणारी पातळ असूनही ओझं पेलते, म्हणून दोऱ्याला तीच चांगली.

पिशवी घडवली ती स्वीडनमध्ये. सेलोप्लास्ट कंपनीतले स्टेन गुस्ताफ थुलिन यांच्या रचनेचं अमेरिकी पेटंट १९६५ मध्ये मंजूर झालं. वितळलेलं पॉलिथिन गोल फटीतून बाहेर काढून त्यात हवा भरतात. त्याचा उंच फुगा होतो, तो निवत निवत वर जातो आणि रुळांमध्ये दाबून चपटा केला जातो. म्हणजे पन्नी मुळात एक लांबच लांब नळी. थुलिन यांनी ती नळी खाली आणि वर चिकटवली आणि वरच्या बाजूला मधला भाग कापून काढला, की झाले दोन बंद. शिवायचं काही नाही, जोडायचं काही नाही, म्हणून ती इतकी स्वस्त. आणि आडवी कापली की प्रत्येक तुकडा म्हणजे त्या नळीचीच एक चकती, म्हणून बांगडी. ज्या नळीनं पन्नी जगभर फुकट वाटण्याजोगी केली, तिनंच पन्नीतून दोरा काढणंही सोपं केलं. थुलिन यांच्या मुलानं सांगितलं आहे की वडील खिशात नेहमी घडी केलेली पिशवी बाळगत. कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडली जातात म्हणून त्यांनी ही काढली होती, आणि लोक ती पुन्हा पुन्हा वापरतील असं त्यांनी धरलं होतं. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या सेफवे आणि क्रोगर या मोठ्या दुकानांनी ती घेतली. त्यानंतर पुन्हा वापरण्याची गरजच कुणाला उरली नाही.

ही कुळी भोपाळमध्ये बसून वाचताना एका नावापाशी थांबावंच लागतं. अमेरिकेत पॉलिथिन बनवणाऱ्या आद्य कंपन्यांपैकी एक होती युनियन कार्बाइड. तिकडच्या स्वयंपाकघरांत पोचलेल्या ग्लॅड नावाच्या पिशव्या तिच्याच. आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेला याच घराण्याच्या भारतीय कंपनीचा रसायनांचा आणि प्लॅस्टिकचा कारखाना होता आणि तिथं पॉलिथिन बनायचं. भोपाळच्या कारखान्यात पन्नी बनली नाही, कीटकनाशक बनलं, आणि २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथून विषारी वायू सुटून काय झालं ते इथं कुणाला सांगावं लागत नाही. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा तिच्या हातातला क्रोशा थांबला. त्या रात्री ती जुन्या भोपाळात नव्हती, पण दुसऱ्या दिवशी टी. टी. नगरात आलेली माणसं तिनं पाहिली होती. बराच वेळ ती बोलली नाही, आणि त्या दिवशी पुढं विणलंही नाही.

पन्नी कापून दोरा करण्याची युक्ती एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली असं मला वाटत नाही. जिथं हातांना विणायची सवय होती आणि दाराशी पन्न्यांचा ढीग साचला, तिथं तिथं ती सुचली असणार. पश्चिम आफ्रिकेत गांबियातल्या न्जाऊ गावात १९९७ मध्ये इसातू सीसे आणि तिच्या मैत्रिणींनी पन्न्यांच्या पट्ट्यांतून क्रोशानं पैशांचे बटवे विणायला घेतले. उकिरड्यावरच्या पन्न्या खाऊन गावातल्या शेळ्या मरत होत्या. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, पण बटवे शहरात विकले गेले आणि बायकांच्या हाती पैसे आले. बुर्किना फासोत बोबो-जुलासोच्या बायकांनी असंच काम उभं केलं. कच्छमध्ये खमीर संस्थेत पन्नीच्या पट्ट्या हातमागावर चढल्या. पुण्यात अमिता देशपांडे यांच्या रिचरखामध्ये पन्न्या हातानं धुऊन, उन्हात वाळवून, रंगावार निवडून कापतात. पट्टी चरख्यावर गुंडाळतात आणि मागावर विणतात. नंदन भट यांची इकोकारीही पुण्यातच हेच काम करते. चरख्यावर प्लॅस्टिक हे ऐकायला खटकतं, पण काम जवळून पाहिलं की खटकणं जातं. हात तेच, चाकाची लय तीच.

विकायला नव्हे, द्यायला विणायची रीत मात्र अमेरिकेत रुजली. तिथल्या चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका आणि शाळकरी मुलं मिळून बेघरांसाठी झोपायच्या चटया विणू लागली. साधारण अडीच-तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब चटईला पाचशे ते सातशे पन्न्या लागतात. एकटीनं विणायची तर कित्येक आठवडे जातात, म्हणून हे काम बहुधा मंडळ करून होतं. एकजण धुतो, दुसरा कापतो, तिसरी गुंडे करते. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे त्यांनाही बांगडीत बांगडी अडकवता येते.

मावशीला ही रीत तिच्या मुलीनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला त्यातून कळली. पण तो पाहून ती म्हणाली, "यात नवीन काय? माझ्या आईनं वाण्याचा दोरा जन्मभर गुंडाळला." तिचं खरं होतं. पन्नीच्या आधी वाणी कागदाची पुडी बांधून द्यायचा. पुडी सोडताना दोरा तोडायचा नाही, गाठ सोडवायची आणि तुकडा गुंड्याला जोडायचा. जुन्या लुगड्यांची गोधडी, त्याहून विरलेल्या चिंध्यांची वाकळ, पुढं रंगीत प्लॅस्टिक वायरच्या विणलेल्या पिशव्या, दुधाच्या पिशव्यांची तोरणं, हे सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. तिच्या लेखी पन्नीची चटई ही वाकळीची नात. वाकळ घरच्यांसाठी शिवत, ही परक्यासाठी, एवढंच काय ते वेगळं.

परकी माणसं शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. भोपाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत रायसेन, सागर, विदिशाकडून रुग्ण येतात. रुग्णाला खाट मिळते, बरोबरच्या माणसाला वऱ्हांडा. डिसेंबरात फरशीवर झोपणं म्हणजे काय हे एका बाईनं मावशीला पाच शब्दांत सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "ठंड नीचे से आती है." सतरंजी ओल शोषते आणि रात्रभर गार राहते. पन्नी पाणी धरत नाही, आणि मुक्या खांबांच्या जाड विणीत हवा कोंडून राहते, तीच फरशीच्या गारव्याला अडवते. चटई वजनाला हलकी, गुंडाळून खांद्याला अडकवता येते, नळाखाली धरली की स्वच्छ होते, तासाभरात वाळते. ढेकणांना घर करायला तिच्यात फारसं काही नसतं. मावशी प्रत्येक चटईला त्याच दोऱ्याचा पट्टा विणायची. कारण विचारलं तर म्हणायची, "एक हात सलाइनच्या बाटलीला लागतो, एक डब्याला."

ही चटई चुलीपासून दूर ठेवावी लागते, कारण एका ठिणगीनं ती वितळते. सतत उन्हात राहिली तर काही महिन्यांत पन्नी ठिसूळ होते आणि तिचा भुगा पडू लागतो. म्हणून मावशी घेणाऱ्याला बजावायची की सावलीत वाळवा, फाटली तर फेकू नका, परत आणून द्या. दोन चटया परत आल्या. त्या उसवून तिनं चांगला दोरा नव्या चटईत घातला. त्यामुळं प्लॅस्टिक संपत नाही हे तिलाही कळत होतं. ते भानपूरच्या कचऱ्याच्या खंतीत पडण्याऐवजी काही वर्षं कुणाच्या पाठीखाली राहतं, तेवढं तिला पुरेसं वाटायचं, आणि मलाही वाटतं. पुढं भानपूरची खंतीही बंद झाली आणि शहराचा कचरा आदमपूर छावणीकडे जाऊ लागला.

मे २०१७ पासून मध्य प्रदेशात पन्नीवर बंदी आली. महाराष्ट्रात २०१८ मध्ये आली. मग देशभर नियम कडक होत गेले. ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉनच्या खालची पिशवी चालत नाही, ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० च्या खालची. चौकातल्या गाड्यांवर पन्नी अजून दिसते, पण लपवून, मागितल्यावर. मावशीला या बंदीचा आनंदच झाला. तिनं शेजारच्या बायकांना कापडी थैल्या शिवून दिल्या. तरी चटईचा प्रश्न उरलाच. जाड पिशवीची बांगडी क्रोशाला दाद देत नाही, बोटं दुखतात. आता सगळीकडे मिळते ती कापडासारखी दिसणारी पिशवी. लोक तिला कापडीच समजतात, पण ती पॉलिप्रॉपिलीनची असते, आणि तिला बाजूला शिवण असते. मावशीनं एक आडवी कापून पाहिली. बांगडी झाली नाही. नुसती एक पट्टी हातात आली आणि तिच्या कडेनं तंतू सुटत होते. दुधाच्या पिशवीलाही पाठीमागे उभा सांधा असतो, तिथं दोरा कच्चा राहतो. ती पिशवी गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल कापत न्यावी लागते, तेव्हा कुठं एक लांब पट्टी मिळते.

मग एके दिवशी ड्रायक्लीनिंगहून आलेला काकांचा कोट तिनं कव्हरातून काढला आणि कव्हर उजेडात धरून बघत राहिली. ते पारदर्शक, पातळ होतं, वर हँगरसाठी भोक, खाली उघडं, आणि बाजूला कुठंही शिवण नव्हती. नळीच होती ती, पन्नीच्या दुप्पट रुंद आणि चौपट लांब. एका कव्हरातून तिनं वीसेक बांगड्या काढल्या. आता इमारतीतले लोक कोट-शालू धुवून आणले की कव्हरं तिच्या दाराच्या कडीला लावून जातात. तिच्या नव्या चटया पाण्याच्या रंगाच्या असतात. कडेला मात्र निळ्या दोऱ्याची एक ओळ असते, क्वार्टरच्या दिवसांतला एक गुंडा अजून उरला आहे त्यातली.